पदवीनंतरच्या वर्षाची बेगमी



गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायचे दिवस उपनगरातल्या फ्लॅटमधून आता जवळजवळ गेलेच. पण बेगमी करायची आपली सवय काही गेलेली नाही. गहू-तांदूळ भरताना, तिखट-हळद करून ठेवताना आपण पुढच्या वर्षभराचा हिशेब मनात मांडत असतो. घरात माणसं किती, सण किती, पाहुणे किती, महिन्याला काय लागेल, सगळं डोक्यात पक्कं असतं.

मात्र ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी पदवीधर होते, त्या घरात पुढच्या वर्षाचा असा विचार सहसा कोणी केलेला नसतो. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, आठ दिवस कौतुकात जातात आणि मग एक प्रश्न घरात मुक्कामाला येतो: ‘आता पुढे काय?’ दिवाळीपर्यंत त्याला उत्तर मिळालं नाही की घरातली हवा बदलते. वडील पेपर जरा जोरात उलटायला लागतात, मुलगा उशिरा उठायला लागतो आणि आपण दोघांच्या मधे.

अशाच एका घरातून, मुलुंडहून, एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: ‘मुलगा बी.कॉम. होऊन सात महिने झाले. चार-पाच ठिकाणी अर्ज केले, कुठूनच उत्तर नाही. ह्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, सरकारी बँकेत क्लार्क म्हणून चिकटवतो. तीन लाख होतील. निम्मे आधी, निम्मे ऑर्डर हातात पडल्यावर. काम झालं नाही तर पैसे परत. माझ्या आईने दिलेल्या पाटल्या आहेत. हे म्हणतात, त्या मोडू, पोराचं आयुष्य तरी मार्गी लागेल. धाकटी टी.वाय.ला आहे, पण तिच्यासाठी स्थळंच बघायची आहेत, म्हणून तिच्या नोकरीचा प्रश्न नाही. ताई, पाटल्या मोडू का?’

नाही. पाटल्या मोडू नका. एवढं स्पष्ट उत्तर आधी देते आणि मग त्याचं कारण सांगते. कारण ते समजलं नाही, तर आज हे गृहस्थ जातील आणि उद्या दुसरे कोणी येतील.

नोकरी विकणारा काय विकतो?

‘काम झालं नाही तर पैसे परत’ हे वाक्य ऐकलं की माणूस प्रामाणिक वाटतो. पण जरा हिशेब करून बघा. समजा, या गृहस्थांनी दहा घरांतून दीड-दीड लाख घेतले आणि काहीही केलं नाही. दहांपैकी दोन मुलं स्वतःच्या अभ्यासावर पास होतील. त्या दोघांच्या घरचे उरलेले दीड लाख आनंदाने नेऊन देतील आणि चार लोकांत सांगतीलही की साहेबांनी शब्द पाळला. राहिलेल्या आठांपैकी जे फार मागे लागतील, त्यांचे पैसे नव्या गिऱ्हाइकांकडून घेऊन परत करायचे. बाकीच्यांना ‘पुढच्या भरतीत नक्की’ म्हणून वर्ष-दोन वर्षं झुलवायचं. एवढं करून एक दिवस फोन बंद. म्हणजे काहीही न करता हा धंदा चालतो, आणि तुमच्या मुलाने स्वतः कमावलेल्या यशाची किंमतसुद्धा हाच माणूस घेतो.

मग शहाणीसुरती माणसं फसतात कशी? कारण तो नोकरी विकतच नाही. हळदीकुंकवाला गेलं की ‘मुलाचं काय ठरलं?’, लग्नाला गेलं की ‘अजून घरीच का?’ या प्रश्नांपासून सुटका तो विकतो. घाई आपल्याला झालेली असते, तिचाच तो भाव करतो. म्हणून सांगते, अशा माणसाला दूर ठेवायचा खरा उपाय म्हणजे वर्षाची आखणी. कुठल्या महिन्यात काय करायचं ते घरात ठरलेलं असलं, की घाई होत नाही.

आणखी एक गोष्ट यजमानांच्या कानावर घाला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. शिवाय केंद्राच्या भरतीपरीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी २०२४ चा वेगळा कायदा आहे. बँक आणि रेल्वेच्या परीक्षाही त्यात येतात. संघटितपणे असे उद्योग करणाऱ्यांना त्यात ५ ते १० वर्षं कैद आणि कमीत कमी १ कोटी रुपये दंड आहे. म्हणजे या व्यवहारात पैसे बुडाले तर तक्रार करायलाही आपल्याला अवघड जागा.

सरकारी बँकेत माणूस लागतो कसा?

गंमत अशी, की या भगिनी जिच्यासाठी तीन लाख मोजायला निघाल्या, ती परीक्षा घेणारी संस्था आपल्या उपनगरातच आहे. कांदिवली पूर्वेला ठाकूर कॉम्प्लेक्समध्ये ‘आयबीपीएस’चं कार्यालय आहे. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या आणि माणसं निवडण्याचं काम मोठं झालं. त्यासाठी १९७५ साली एक निवड विभाग सुरू झाला आणि १९८४ साली त्याची ही स्वतंत्र संस्था झाली. पूर्वी वेगवेगळ्या बँकांच्या वेगवेगळ्या परीक्षा असत. २०११ पासून आयबीपीएस सर्वांसाठी सामाईक परीक्षा घेऊ लागली. आज १२ सरकारी बँकांपैकी ११ बँकांचे क्लार्क आणि अधिकारी या परीक्षांतून घेतात. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते.

क्लार्कची परीक्षा दोन टप्प्यांत असते. पहिला पेपर एका तासाचा, १०० प्रश्नांचा: इंग्रजी, अंकगणित आणि तर्कशक्ती. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. यातून निवडलेल्यांना मुख्य परीक्षा, आणि अंतिम यादी लागते ती फक्त मुख्य परीक्षेच्या गुणांवर. क्लार्कच्या पदासाठी मुलाखतच नसते. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. जिथे मुलाखत नाही, तिथे ‘साहेबांना सांगून ठेवतो’ म्हणणारा कोणत्या साहेबांना सांगणार? परीक्षा संगणकावर होते आणि गुणांप्रमाणे बँक मिळते.

वयाची अट क्लार्कला २० ते २८ आणि अधिकाऱ्याला २० ते ३०, राखीव गटांना त्यात सवलत. कुठल्याही शाखेची पदवी चालते. २०२५ च्या क्लार्क भरतीत सर्वसाधारण उमेदवाराची फी ८५० रुपये होती. तीन लाखांच्या शेजारी हा आकडा लिहून ठेवा. ज्या राज्यातल्या जागेसाठी अर्ज करायचा, त्या राज्याची भाषा यावी लागते. म्हणजे महाराष्ट्रातल्या जागांसाठी आपल्या मुलांचं मराठी उपयोगी पडतं. क्लार्कचा पेपर मराठीतूनही देता येतो. शाळेत इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलांना हे सांगा. इंग्रजी विषयाचा भाग मात्र इंग्रजीतच असतो.

वर्षाच्या सुरुवातीला आयबीपीएस आपलं वेळापत्रक जाहीर करते. ते कागदावर उतरवून कालनिर्णयाच्या शेजारी लावा. रेल्वेची भरतीही अशीच, रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीतून आणि परीक्षेतूनच होते. सहकारी बँका आपापल्या जाहिराती काढतात. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदाला पदवीबरोबर टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०. आपल्या पिढीने खडखडणाऱ्या मशीनवर दिलेली ती परीक्षा आता संगणकावर होते. नोकरी शोधता शोधता सकाळचा एक तास यासाठी काढता येतो.

अभ्यासाला महागडा क्लास लावलाच पाहिजे असं नाही. आधी महिनाभर जुने पेपर घड्याळ लावून सोडवू द्या. गाडी कुठे अडते ते त्यातूनच कळतं. घरात जागा नसेल तर जवळपासची अभ्यासिका बघा. मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ अशा जुन्या संस्थांची ग्रंथालयंही आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत.

रिकाम्या वर्षाला काम लावा

परीक्षा, निकाल, नेमणूक या सगळ्याला सहज वर्ष जातं. ते वर्ष मुलाने घरी बसून फक्त वाट बघण्यात घालवू नये. यासाठी एक चांगली वाट आहे, ती म्हणजे अप्रेंटिसशिप. पुष्कळ घरांत अजून असा समज आहे, की अप्रेंटिस म्हणजे आय.टी.आय.ची मुलं, तेलकट कपडे आणि कारखाना. कायदा १९६१ चा आहे, त्यामुळे तो समज जुना आणि तेव्हापुरता बरोबर होता. १९७३ साली इंजिनियर त्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही ही वाट मोकळी झाली. बँका, विमा कंपन्या, मोठी कार्यालयं पदवीधर अप्रेंटिस घेतात. शिक्षण मंत्रालयाच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर नाव नोंदवायचं. पश्चिम विभागाचं अप्रेंटिस मंडळ सायनला आहे. पदवी मिळून पाच वर्षांच्या आत असेल तर अर्ज करता येतो.

पैसे किती? २०१९ च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन महिन्याला ९,००० रुपये ठरवलं आणि त्यातला अर्धा वाटा सरकार उचलतं. सध्याचा आकडा पोर्टलवर बघून घ्या. राज्य सरकारनेही २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तेव्हा पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये आणि सहा महिन्यांचं काम असं तिचं स्वरूप होतं. अशा योजना बदलत राहतात, म्हणून राज्याच्या ‘महास्वयम्’ पोर्टलवर मुलाचं नाव नोंदवून ठेवणं आणि महिन्यातून एकदा ते उघडून बघणं बरं. रोजगार मेळाव्यांच्या बातम्याही तिथेच मिळतात.

इथे एक सावधगिरी. अप्रेंटिस म्हणजे कायमची नोकरी नव्हे. वर्ष संपल्यावर तिथेच ठेवून घेतील असं कोणी लिहून देत नाही. तेव्हा शेजारी ‘चिकटला एकदाचा’ असं सांगू नका आणि मुलालाही तसं समजू देऊ नका. पण वर्षाअखेर हातात प्रमाणपत्र असतं, रोज वेळेवर घराबाहेर पडायची सवय झालेली असते, चार अनुभवी माणसं नावाने ओळखतात. पुढच्या मुलाखतीत ‘वर्षभर काय करत होतास?’ या प्रश्नाला खाली मान घालावी लागत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षाची खरी कमाई हीच.

कागदांचा डबा

आता खास आपल्या हातातलं काम. भरतीची जाहिरात आली की पंधरा-वीस दिवसांत अर्ज भरायचा असतो आणि नेमका तेव्हा एखादा दाखला सापडत नाही. एक चांगला मोठा डबा किंवा फाईल घ्या आणि त्यात मुलाचे मूळ कागद एका पाकिटात, झेरॉक्स दुसऱ्या पाकिटात ठेवा. दहावी-बारावीची आणि सहाही सेमिस्टरची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला.

तीन गोष्टी जरूर तपासा. पहिली म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रकावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकात नाव अक्षरश: सारखं आहे का? एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून कागद तपासताना अडवणूक होते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती आत्ताच करून घ्या. दुसरी म्हणजे मुदत. नॉन-क्रीमी लेयरचा आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला जुना झाला की चालत नाही. शिवाय केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातला आणि राज्याच्या भरतीला राज्याच्या नमुन्यातला दाखला मागतात. दोन्ही वेगवेगळे असतात, हे ऐन वेळी कळून पुष्कळ मुलं हळहळतात. तिसरी म्हणजे ठिकाण. उपनगर जिल्ह्याचे तालुके तीन: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर-मुलुंडकर कुर्ला तालुक्यात मोडतात. दाखल्यासाठी आपली तहसील कचेरी कोणती ते आधी पाहा, नाहीतर उन्हातून फुकटची खेप पडते.

आणि हा डबा कोणालाही देऊ नका. ‘ओरिजिनल जमा करा’ म्हणणाऱ्या ऑफिसात झेरॉक्स द्यावी, मूळ कागद दाखवावेत आणि परत घेऊन यावं.

ओळख कशासाठी वापरावी

आपल्या वडिलांच्या काळी नोकरी ओळखीने लागायची, हे खोटं नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर भांडुप-मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग होती. फोरमनकाकांनी शब्द टाकला की पोरगा गेटच्या आत जायचा. त्यातले कितीतरी कारखाने बंद झाले आणि त्या जागांवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. गेटच गेलं, तेव्हा गेटवर शब्द टाकणारेही गेले.

पण ओळख अजून उपयोगी पडते, मात्र दुसऱ्या कामाला. ती जागा मिळवायला वापरू नका, माहिती मिळवायला वापरा. तुमच्या सोसायटीतली कोणाची सून अंधेरीच्या सीप्झमध्ये असेल, कोणाचा भाचा मालाडच्या किंवा गोरेगावच्या आयटी पार्कात, कोणाचा जावई वांद्रे-कुर्ला संकुलात. त्यांना विचारा: तुमच्याकडे नव्या पदवीधरांना कोणत्या महिन्यात घेतात? मुलाखतीत काय विचारतात? काय शिकून आलेलं आवडतं? अशी पाच मिनिटांची बोलणी पन्नास आंधळ्या अर्जांपेक्षा जास्त कामाची असतात.

१९७३ साली सीप्झ सुरू झालं, तेव्हा ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी होतं. पुढे तिथे हिरे-दागिन्यांचे कारखाने आले, संगणकाच्या कंपन्या आल्या. म्हणजे एका फाटकाच्या आत हिशेबनीसही लागतात, मालाची तपासणी करणारेही आणि निर्यातीचे कागद करणारेही. मुलाने ‘बी.कॉम. आहे, काहीही करीन’ असं म्हणण्याऐवजी ‘निर्यातीचे कागद शिकायचेत’ किंवा ‘जीएसटीचं काम येतं’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला कुठे बसवायचं ते कळतं.

जागा शोधताना रेल्वेचा नकाशा समोर ठेवा. २०१४ साली घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि मध्य रेल्वेच्या बाजूला राहणाऱ्यांना अंधेरीचं ऑफिस जवळ आलं. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की नवी मुंबईची कार्यालयं. घरापासून दोनपेक्षा जास्त वेळा गाडी बदलावी लागत असेल, तर पगार हातात पडण्याआधीच दमणूक होते. पगारातून प्रवास आणि डबा वजा करून काय उरतं, ते मुलाला स्वतः मांडू द्या.

खासगी कंपनीच्या नावाने आलेला प्रत्येक निरोप मात्र खरा नसतो. नुसत्या व्हॉट्सॲपवर आलेलं नेमणूकपत्र, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘युनिफॉर्मचे पैसे’, ‘घरबसल्या व्हिडिओंना लाईक करा आणि रोज कमवा’, या सगळ्या एकाच माळेच्या मण्या. साधा नियम: काम देणारा पैसे देतो, मागत नाही. सरकारी परीक्षेची अधिकृत फी तेवढी याला अपवाद. परदेशच्या नोकरीचं आमिष असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत नोंदलेला आहे का ते पाहिल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका. कंबोडिया-म्यानमारला नोकरी म्हणून गेलेली आपल्याकडची मुलं तिथे फसवणुकीच्या कामाला जुंपली गेली, हे अलीकडचंच आहे. आणि ऑनलाईन पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

नोकरी मिळाली की नेमणूकपत्र लेखी घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. पगार, कामाचे तास, नोटिशीची मुदत आणि बाँड असेल तर त्याच्या अटी, एवढं तरी आपण स्वतः वाचावं.

आणि धाकटीचं?

आता त्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. ‘तिच्या नोकरीचा प्रश्न नाही.’ ताई, रागावू नका, पण मला प्रश्न तिथेच दिसतो. मुलासाठी पाटल्या मोडायची तयारी आणि मुलीसाठी साडेआठशे रुपयांचा फॉर्मसुद्धा नाही? स्थळं बघायला सुरुवात केली म्हणून लग्न उद्या ठरतं असंही नाही. त्या वर्ष-दोन वर्षांत ती घरात बसून ‘बघायला’ येणाऱ्यांची वाट बघणार, की स्वतःच्या नावाचं पासबुक तयार करणार? लग्नानंतर परिस्थिती कशी येईल ते कोणी सांगितलंय? तेव्हा पाच वर्षांच्या खंडानंतर पहिली नोकरी शोधण्यापेक्षा, आधी एका वर्षाचा का होईना अनुभव गाठीला असणं केव्हाही बरं.

मुलीच्या बाबतीत काळजी असते ती येण्याजाण्याची. ती खोटी नाही. पण आपल्याच उपनगरातल्या नोकरदार बायकांनी ती वाट केव्हाच मळवून ठेवली आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली. ती बायकांच्या गर्दीमुळेच धावली ना? रात्रपाळीची भीती असेल तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं व आस्थापना कायदा माहीत असू द्या. रात्री साडेनऊनंतर काम करायला मुलीची स्वतःची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. ‘कॅब कुठपर्यंत सोडते?’ हे मुलाखतीत विचारायला तिला लाजू देऊ नका. म्हणून कागदांचे डबे दोन करा. एक त्याचा, एक तिचा.

घरात काय बोलावं

शेवटी रोजच्या बोलण्याबद्दल. संध्याकाळी ‘काही कळलं का रे?’ असं विचारलं, की उत्तर रोज ‘नाही’ असंच येणार, कारण कळवणं त्याच्या हातात नसतं. त्याऐवजी ‘आज काय केलंस?’ असं विचारा. दोन अर्ज केले, एक पेपर सोडवला, एका ठिकाणी फोन केला. हे त्याच्या हातातलं आहे आणि त्याचं उत्तर देता येतं.

दुधाच्या हिशेबाची असते तशी एक वही मुलाकडून ठेवून घ्या. कुठे अर्ज केला, कोणत्या तारखेला, कोणाशी बोलणं झालं, पुन्हा केव्हा विचारायचं. अर्ज करून दहा दिवस झाले की एकदा नम्रपणे चौकशी करायला हरकत नसते. रविवारी जेवणं झाली की अर्धा तास वही उघडून सगळ्यांनी बसावं. यजमानांनाही बसवा. आपल्या मुलाने सात महिन्यांत चार-पाचच अर्ज केलेत, हे वहीत दिसलं की दोष नशिबाचा किती आणि आळसाचा किती, ते कोणाला सांगावं लागत नाही. आणि चाळीस अर्ज करूनही उत्तर नसेल, तर अर्जाचा मजकूरच बदलायला हवा हेही तिथेच कळतं.

वर्षासाठी थोडे पैसे बाजूला काढून ठेवा: फॉर्मची फी, रेल्वेचा पास, झेरॉक्स, मुलाखतीसाठी एक जोड नीट कपडे. हा खर्च मुलांनी दर वेळी हात पसरून मागावा लागू नये. आणि हळदीकुंकवात कोणी विचारलंच, तर हसून सांगा, ‘अप्रेंटिस करतोय, बँकेची परीक्षाही देतोय.’ यात लपवण्यासारखं काहीच नाही, आणि लपवायचं नसलं की कोणाला तीन लाख द्यावेसेही वाटत नाहीत.

मुलुंडच्या ताईंनी आणि इतर मैत्रिणींनीही आपापल्या घरच्या वहीत तीन महिन्यांनी काय जमा झालं ते जरूर कळवावं. पुढच्या अंकी पहिल्या पगाराबद्दल बोलू: घरात किती द्यावा, साठवावा किती आणि उडवू किती द्यावा!